आठ दिवसांत जागा सोडा म्हणतायत. भावाचं आजारपण आधीच सांगायला हवं होतं का?

निशिगंध
नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा. सव्विसाव्या वर्षी बायपोलरचं (मनःस्थिती कधी फार वर, कधी फार खाली जाते तो मानसिक आजार) निदान झालं. त्यावरचं औषध लिथियम चालू आहे, दर तीन महिन्यांनी रक्त तपासून घेतो, नोकरी स्वतःच्या हिमतीवर टिकवली आहे. आम्ही मूळचे कराडचे. तो पुण्यात कर्वेनगरला वन बीएचकेत एकटा राहतो. लीव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचं, त्यातला सातवा महिना चालू आहे. भाडं एकदाही थकलेलं नाही.

एप्रिलमध्ये ऑफिसात रात्रपाळी लागली. झोप गेली की याचं बिनसतं हे आम्हाला ठाऊक आहे, पण त्याने या वेळी कुणाला सांगितलंच नाही. चार रात्री जागा होता. पाचव्या रात्री तीन वाजता जिन्यातल्या सगळ्यांच्या कुंड्या उचलून गच्चीवर नेल्या आणि रांगेत लावल्या. झाडांना पहिलं ऊन मिळायला हवं म्हणून. मग दोन घरांच्या बेल वाजवून त्यांना ते बघायला बोलावलं. कुणाला बोट लावलं नाही, काही फोडलं नाही. पण लोक घाबरले, आणि ते का घाबरले हे मला कळतं. मी सकाळी पोचले. बारा दिवस दवाखान्यात होता. आता घरी आहे, कामावरही रुजू झालाय.

तो दवाखान्यात असताना मालकीणबाईंनी त्यांच्याकडच्या किल्लीने घर उघडलं. औषधांच्या पट्ट्या पाहिल्या, फाइल चाळली. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना आजाराचं नाव माहीत होतं. परवा मालकांचा फोन आला. हे तुम्ही आमच्यापासून लपवलंत, आठ दिवसांत जागा सोडा, आणि साठ हजार डिपॉझिटमधून रंगाचे वीस हजार कापणार.

आई म्हणते कराडला घेऊन ये. भाऊ म्हणतो, "ताई, माझं घर इथं आहे. आजारी पडलो म्हणून घर कसं काय जाईल?" मला उत्तर देता आलं नाही.

करार करताना सांगायला हवं होतं का? आणि आता त्याला खरंच असं काढता येतं का?

रानवारा
आधी एक श्वास घे. आठ दिवस हा आकडा त्यांनी फोनवर उच्चारला म्हणून तो कायदा होत नाही. करार रजिस्टर केलेला आहे ना? असेल तर नोटिशीचं कलम वाचून इथे लिही. आणि घाईने सामान हलवू नका.

डोंबिवलीकर
मी दुसऱ्या बाजूने लिहितोय, कृपया राग मानू नका. माझा एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे आणि त्या भाड्यावर माझा हप्ता जातो. तीन वर्षांपूर्वीच्या भाडेकरूने एकदा गॅस चालू ठेवला आणि दार लावून निघून गेला. शेजारच्या बाईंना वास आला म्हणून वाचलो. नंतर कळलं की त्याला नैराश्याचा त्रास होता आणि तो कित्येक दिवस जेवलाही नव्हता. मला त्याची दया आली, पण त्या मजल्यावर दोन लहान मुलं होती. मला आधी सांगितलं असतं तर निदान गॅसऐवजी इंडक्शन शेगडी ठेवली असती. मालकाने घाबरूच नये, असं म्हणणं मला पटत नाही.

सुलू_मावशी
निशिगंध, तुझं लिहिलेलं वाचून माझ्या हातातलं काम थांबलं.

माझी मुलगी आता ३९ वर्षांची आहे. स्किझोफ्रेनिया. हे गेल्यापासून आम्ही दोघीच. अकरा वर्षांत सहा घरं बदलली. पहिल्या तिन्ही ठिकाणी मी खरं सांगितलं. एका ठिकाणी मालक "हो हो, चालेल" म्हणाले आणि संध्याकाळी एजंटाचा फोन आला की जागा गेली. दुसऱ्या ठिकाणी दिली, पण दर आठवड्याला कुणी ना कुणी दार वाजवून "सगळं ठीक ना?" विचारायचं आणि नजर माझ्या खांद्यावरून आत. तिसरीकडे शेजारणीने मुलांना आमच्या दारावरून जायला बंदी केली. माझी पोर रोज दारात रांगोळी काढायची, तिने ती काढणं सोडलं.

पुढच्या तीन घरांत मी बोललेच नाही. औषधं बडीशेपेच्या डब्यात. रिकाम्या पट्ट्या पर्समध्ये घालून लांबच्या कचराकुंडीत. दवाखान्याची रिक्षा नेहमी कोपऱ्यावर बोलवायची, दारात नाही. हे असं जगणं आजारापेक्षा जास्त थकवतं. तिला बरं वाटत असे त्या दिवसांतही मला भीती असायची की आज तरी कुणाला कळणार नाही ना.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. सांगितलं तरी घर जातं, लपवलं तरी जातं. सांगण्याची किंमत पहिल्या दिवशी मोजावी लागते, लपवण्याची रोज.

निशिगंध
मावशी, बडीशेपेचा डबा वाचून रडू आलं. भाऊही औषधं चहाच्या डब्यात ठेवायचा. मला वाटायचं ती त्याची अव्यवस्थितपणाची सवय आहे.

रानवारा, करार ऑनलाइन नोंदवलेला आहे, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) पण आहे. कलमात लिहिलंय: दोन्ही बाजूंपैकी कुणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकेल. आजाराबद्दल कुठेही काही नाही. मालकाने पाहणीला यायचं तर "वाजवी पूर्वसूचना देऊन" असं आहे.

अ‍ॅड_सावली
मी पुण्यात दिवाणी बाजूला वकिली करते. नीट लिहिते, म्हणजे गोंधळ राहणार नाही.

आठ दिवसांचं आधी. तुमच्याच करारात एक महिन्याची लेखी नोटीस आहे. फोन ही लेखी नोटीस नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम ६३ नुसार परवाना (म्हणजे लायसन्स) रद्द केला तरी लायसन्सीला, म्हणजे त्यावर राहणाऱ्याला, जागा सोडायला आणि सामान न्यायला वाजवी वेळ द्यावाच लागतो. कलम ६४ असं सांगतं की मोबदला देऊन घेतलेला परवाना, तुमची काही चूक नसताना मुदतीआधीच काढून घेतला तर भरपाई मागता येते. मुदत संपूनही कुणी राहिलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. तिथेही तो स्वतः कुलूप बदलू शकत नाही. पण हेही सांगते की मुदत संपल्यावर हटून राहू नका. त्या कलमात दुप्पट दराने नुकसानभरपाईची तरतूद आहे आणि ती लावली जाते.

एक गोष्ट इथे बरेच जण गल्लत करतात. लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या अर्थाने 'भाडेकरू' नसतो. पागडीच्या चाळीतल्या भाडेकरूला जे संरक्षण आहे ते याला नाही. आपल्या शहरांत नव्याने घर घेणारे बहुतेक सगळे लायसन्सी आहेत, म्हणजे अकरा महिन्यांच्या पलीकडे कुणाचाच पाय पक्का नाही. ज्याचं आजारपण उघड झालंय त्याला नूतनीकरण नाकारणं सगळ्यात सोपं असतं, कारण तिथे मालकाला कारणही द्यावं लागत नाही.

आता आजाराचं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ म्हणतं की मानसिक आजार असलेल्या प्रत्येक व्यक्तीला समाजात राहण्याचा, समाजाचा भाग असण्याचा आणि त्यातून वेगळं न काढलं जाण्याचा हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांमध्ये मानसिक आजार येतो. कलम ३ दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभावाला मनाई करतं, आणि कलम ५ म्हणतं की अमुकच प्रकारच्या जागी राहा अशी सक्ती करता येणार नाही. चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आरक्षण आणि योजनांसाठी लागतं. भेदभाव झाला म्हणायला ती अट नाही.

मात्र खोटी आशा दाखवणार नाही. कलम १९ मधली जबाबदारी मुख्यतः सरकारवर आहे. खासगी मालकाने आजार बघून घर नाकारलं तर त्याला थेट अमुक दंड, असं स्वच्छ कलम आपल्याकडे नाही. दिव्यांग कायद्याच्या कलम ३ च्या आधारे राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि ते कार्यालय पुण्यातच आहे. ती करावी असं माझं मत आहे. तक्रारीच झाल्या नाहीत तर हा प्रश्न कागदावर येणारच नाही.

डोंबिवलीकर
मॅडम, एक शंका. मालक म्हणाला की मनोरुग्णाबरोबर केलेला करारच रद्दबातल, तर? आमच्या ओळखीच्या एजंटाने हेच सांगितलं होतं.

अ‍ॅड_सावली
चूक सांगितलं. करार कायदा १८७२ चं कलम १२ सांगतं की ज्याचं मन बहुतेक वेळ अस्थिर असतं पण अधूनमधून स्थिर असतं, असा माणूससुद्धा स्थिर असताना केलेल्या कराराने बांधला जातो. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने हे मान्य केलंय. आणि २०१७ च्या कायद्याचं कलम ३ तर म्हणतं की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस 'अस्थिर मनाचा' ठरत नाही, ते फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकतं. निशिगंधच्या भावाने सही केली तेव्हा तो नोकरी करत होता, भाडं ठरवत होता. करार पक्का आहे.

तळ्यात_मळ्यात
थोडं अवांतर होईल, पण घर शोधणं ही आता मुलाखतच झालीय. गेल्या वर्षी औंध-बाणेरला जागा बघत होते. एजंटचे प्रश्न: लग्न झालंय? मांसाहार? मित्र येतात का? रात्री किती वाजता येता? एकाने पत्रिकाच तेवढी मागितली नाही. माझ्या मैत्रिणीला आडनाव ऐकून सहा ठिकाणी "आत्ताच गेली हो" म्हणाले. जिथे निरोगी, नोकरदार माणसाची इतकी चाळण होते तिथे निदान झालेल्याने सगळं मोकळेपणी सांगावं ही अपेक्षाच मला क्रूर वाटते.

आणि त्या सगळ्यात सोसायटीचं ना हरकत पत्र! त्याचं काय?

अ‍ॅड_सावली
सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) सभासदाने जागा लीव्ह अँड लायसन्सवर देताना सोसायटीला आधी कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. भोगवटेतर शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) जास्तीत जास्त सेवाशुल्काच्या दहा टक्के. पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याच्या अर्जात ओळखपत्र, फोटो, कायमचा पत्ता विचारतात, आजार विचारत नाहीत.

नर्मदेकाठ
मी स्वतःबद्दल लिहितो. गंभीर नैराश्य, त्यासोबत ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार), दोनदा भरती झालो आहे. सध्या चौदा महिने नीट आहे. नाशिकला भाड्याने राहतो.

मी कुणालाही सांगत नाही आणि सांगणारही नाही. मधुमेह असलेला माणूस घरमालकाला साखरेचा रिपोर्ट देतो का? त्यालाही मध्यरात्री चक्कर येऊ शकते, त्याचाही गॅस चालू राहू शकतो. डोंबिवलीकर, तुमचा अनुभव खरा आहे, पण गॅस विसरणारे बहुतेक लोक कुठल्याही आजाराशिवाय विसरतात. माझ्या आईने दूध उतू घालवलेल्या पातेल्यांचा हिशेब केला तर भांड्यांचं दुकान उघडेल.

मला सगळ्यात जास्त लागलं ते फाइल उघडणं. २०१७ च्या कायद्यात कलम २३ गोपनीयतेचं आहे, मी ते पाठ केलंय. डॉक्टर माझी माहिती कुणाला देऊ शकत नाही. मग किल्ली आहे म्हणून मालकीणबाईंना तो अधिकार कुठून आला?

अ‍ॅड_सावली
प्रश्न रास्त आहे. कलम २३ उपचार करणाऱ्यांना बांधतं, शेजाऱ्याला किंवा मालकाला नाही. इथे आपल्या हातात करार आहे. पूर्वसूचनेशिवाय पाहणी म्हणजे त्यांनी स्वतःचं कलम मोडलं. पत्रात ते तारखेसकट लिहा. आणि ग्रुपवरचे संदेश जपून ठेवा, कोणी पुसण्याआधी.

डोंबिवलीकर
नर्मदेकाठ, मधुमेहाचं उदाहरण मला पटलं. असा विचार केला नव्हता. तरी माझा एक मुद्दा उरतो. रात्री तीन वाजता बेल वाजली तर मी फोन कुणाला करायचा? मला आजाराचं नाव नको, एक फोन नंबर हवा.

जयंत_काका
डोंबिवलीकरांनी बरोबर जागी बोट ठेवलं.

मी आमच्या सोसायटीचा नऊ वर्षं सचिव होतो. चौथ्या मजल्यावर एक ताई भाड्याने राहायच्या, बँकेत नोकरी. एके दिवशी त्या जिन्यात बसून मोठमोठ्याने बोलू लागल्या, कुणीतरी आपल्या घरात आवाजाची यंत्रं बसवली आहेत म्हणून. दोन दिवस हे चाललं. मी काय केलं असेल? मालकाला पत्र लिहिलं, 'सदर भाडेकरूंमुळे इमारतीच्या शांततेस बाधा'. सोसायटीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. मला वाटलं मी कर्तव्य केलं.

आठवड्याने त्यांचा भाऊ सांगलीहून आला. माझ्यासमोर बसून म्हणाला, "काका, तुम्ही हे पत्र लिहायच्या आधी मला एक फोन केला असता तर मी त्याच रात्री निघालो असतो. मी तिच्यासाठीच फोन उशाशी घेऊन झोपतो." माझ्याकडे त्याचा नंबरच नव्हता. आमच्याकडे प्रत्येक भाडेकरूच्या गाडीचा नंबर होता, आधार होतं, पण अडीअडचणीला कुणाला बोलवायचं हे विचारायचं आम्हाला कधी सुचलं नव्हतं. ताईंचं घर माझ्या पत्रामुळे गेलं. मी पुढच्या सभेत पत्र मागे घेण्याचा ठराव मांडला, तोवर त्या गेल्या होत्या.

त्यानंतर आम्ही एक साधं केलं. इमारतीतल्या प्रत्येक घराकडून, मालक असो की भाडेकरू, दोन आणीबाणीचे फोन नंबर घेतले. सगळ्यांकडून. हृदयविकार, अपस्मार, बाळंतपण, एकटे म्हातारे, काहीही असो. कारण विचारायचं नाही. गेल्या पाच-सहा वर्षांत ती वही तीनदा कामी आली. दोनदा म्हाताऱ्या माणसांसाठी, एकदा मानसिक त्रासासाठी. त्या मुलाचं घर शाबूत राहिलं.

रानवारा
काका, हे तुम्ही इतकं मोकळेपणी लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. ही वही सगळ्या सोसायट्यांत हवी.

लंडनवासी_पुणेकर
इकडचं थोडं सांगतो. तुलना करून तिकडच्याला नावं ठेवायची नाहीत, कारण इकडेही घर मिळवताना दमछाक होते.

ब्रिटनमध्ये इक्वालिटी अ‍ॅक्ट २०१० आहे. मानसिक आजाराचा रोजच्या जगण्यावर बराच परिणाम होत असेल आणि तो बारा महिने टिकलेला किंवा टिकण्यासारखा असेल, तर तो अपंगत्व धरला जातो, आणि कायदा खासगी घरमालकालाही लागू होतो. आजारातून घडलेल्या वागण्यावरून घर सोडायला लावायचं असेल तर ते प्रमाणात होतं हे मालकाने सिद्ध करायचं. भाडेकरू वाजवी बदल मागू शकतो. माझ्या सहकाऱ्याला चिंतेच्या आजारामुळे दारावर अचानक आलेले लोक सहन होत नसत. त्याने मालकाला लिहून दिलं की जे सांगायचं ते ईमेलवर, आणि यायचं तर दोन दिवस आधी. मालकाने ते पाळलं. खर्च शून्य.

आणखी एक मला फार आवडलेली सोय. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून 'ब्रीदिंग स्पेस' नावाची योजना आहे. कुणी मानसिक आजाराच्या तीव्र अवस्थेसाठी उपचार घेत असेल, तर तो उपचार चालू असेपर्यंत आणि वर तीस दिवस, थकलेल्या भाड्यासकट कर्जवसुलीचा तगादा थांबतो. निशिगंधचा भाऊ बारा दिवस भरती होता तेव्हाच त्याच्या घरावर गदा यायला सुरुवात झाली. ज्या काळात माणूस उत्तर देऊ शकत नाही तो काळ सोडून द्या, एवढंच ते म्हणतात.

माळ्यावरची_पेटी
मी मनोविकार क्षेत्रात सामाजिक कार्यकर्ती आहे. इथे भाड्याच्या घराविषयी चाललंय, पण ज्यांच्यापर्यंत भाड्याचा प्रश्न पोचतच नाही त्यांच्याविषयीही लिहावंसं वाटतं.

राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. तिथे बरे होऊनही वर्षानुवर्षं राहिलेली माणसं आहेत, कारण न्यायला कुणी येत नाही. पत्ता जुना, भाऊ फोन उचलत नाही, घर विकलेलं. कलम १९ याच माणसांसाठी लिहिलंय: केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, या कारणासाठी कुणालाही रुग्णालयात ठेवायचं नाही. सरकारने हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला मुक्काम), गट-घरं यांसारख्या कमी बंधनाच्या सोयी उभ्या करायच्या. २०१९ मध्ये महाराष्ट्रात अशा बऱ्या झालेल्या लोकांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवलं जातंय हे सर्वोच्च न्यायालयासमोर आलं आणि न्यायालयाने ते थांबवायला सांगितलं. तिशीतल्या बाईला ती बरी झाली म्हणून वृद्धाश्रमात! तिने कोणता गुन्हा केला?

चांगलंही घडतंय. चेन्नईची 'द बॅनियन' ही १९९३ पासूनची संस्था 'होम अगेन' नावाचा प्रयोग करते. चार-पाच जणी मिळून साध्या वस्तीत साधं भाड्याचं घर, सोबत मदतीला एक कार्यकर्ती. बाहेर पाटी नाही, संस्थेचा फलक नाही. भाजी कोणती आणायची इथून सगळं त्या ठरवतात. आपल्याकडे रत्नागिरीतही त्यांचं काम आहे. अशा घरांसाठी जागा शोधताना काय होतं माहितीये? तेच, जे निशिगंधच्या भावाचं झालं. जागा पसंत, भाडं मान्य, आणि कोण राहणार हे कळलं की "घरात विचारून सांगतो."

मी एका ताईंना रुग्णालयातून भाड्याच्या खोलीत सोडायला गेले होते. एकवीस वर्षांनी बाहेर आल्या होत्या. आत गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा दाराची आतली कडी लावली. मग उघडली. मग पुन्हा लावली. मला म्हणाल्या, "आतून लागते." रुग्णालयात कडी नेहमी बाहेरून असते.

सुलू_मावशी
आतून लागते.

आज दुसरं काही लिहिता येत नाही मला.

शेवंता_ब
विषय थोडा बाजूला नेते, पण याच धाग्यातला वाटतो. माझं बाळंतपणानंतर बिघडलं. दोन महिने औषध. सासरचे म्हणाले, बरी झालीस की ये, तोवर माहेरी. आठ महिने झाले, मी बरी आहे, दार उघडत नाहीत. घर सासऱ्यांच्या नावावर. मला तर भाडेकरूइतकाही हक्क नाही का?

अ‍ॅड_सावली
आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम १७ नुसार सामायिक घरात राहण्याचा तुम्हाला हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. २०१७ च्या कायद्याचं कलम १९ सुद्धा कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावायला सरकारने विधी साहाय्यासकट मदत करावी असं सांगतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट लागत नाही. फोनवर सुरुवात करायची तर विधी सेवेची हेल्पलाइन १५१००. मला इथे निरोप पाठवा, उद्याच बोलू.

शेवंता_ब
पाठवला. धन्यवाद, ताई.

नर्मदेकाठ
शेवंता, फोन करताना कुणी जवळ असू दे. रात्री फार जड वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. मी दोनदा केलाय.

निशिगंध
बारा दिवसांनी लिहितेय. तुमच्यातल्या प्रत्येकाचं उत्तर मी भावाला वाचून दाखवलं. जयंत काकांचं त्याने दोनदा वाचायला लावलं.

सावलीताईंनी पत्राचा मसुदा बघून दिला. साधं पत्र: करारातलं नोटिशीचं कलम, पूर्वसूचनेशिवाय घर उघडल्याची तारीख, ग्रुपवरच्या संदेशांचे फोटो, आणि शेवटी की आम्हाला भांडण नको, बोलायचं आहे. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. चौथ्या दिवशी मालकांनी भेटायला बोलावलं. मला एकटीलाच जायचं होतं, पण भाऊ म्हणाला माझ्या घराचं बोलणं आहे तर मी असणार.

बोलला तोच. "काका, मला एक आजार आहे. झोप गेली की तो डोकं वर काढतो. आता रात्रपाळी नको असं मी ऑफिसला लिहून दिलंय. पुन्हा कधी काही वेगळं वाटलं तर हे दोन नंबर आहेत, ताईचा आणि डॉक्टरांच्या दवाखान्याचा. कुंड्यांबद्दल मी सगळ्यांची माफी मागितली आहे. पण माझी फाइल उघडायला नको होती." मालकीणबाई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "घाबरले होते रे." मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि कीवही आली.

निष्पन्न काय, तर मुदत संपेपर्यंत, म्हणजे आणखी चार महिने तो तिथेच राहील असं त्यांनी लिहून दिलं. रंगाचे पैसे कापणार नाहीत. पुढे करार वाढवणार का, याला "बघू" म्हणाले. सावलीताईंच्या भाषेत तो नकारच. आयुक्तांकडे तक्रार करायची की नाही हे भावावर सोडलंय. तो विचार करतोय.

आई येऊन राहिली आहे आठवडाभर. कराडला चल म्हणायचं तिने थांबवलंय.

डोंबिवलीकर
वाचून बरं वाटलं. तुमच्या भावाने जे केलं, आजार थोडक्यात, नंबर दोन, तेवढंच मला त्या वेळी हवं होतं. मी माझ्या पुढच्या करारात सगळ्यांसाठीच दोन आणीबाणीच्या नंबरांचं कलम टाकणार आहे, कारण न विचारता. आणि माझ्याकडची किल्ली पाकिटात बंद करून, त्यावर भाडेकरूची सही घेऊन ठेवणार.

नर्मदेकाठ
माझं मत अजून तेच आहे: सही करण्याआधी सांगायचं नाही. त्याने सांगितलं ते करार हातात असताना, स्वतःच्या तोंडाने, जेवढं त्याला वाटलं तेवढं. त्याची फाइल बघून लोकांना कळणं आणि त्याने सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुलू_मावशी
नर्मदेकाठ, पहिल्या दिवशी सांगू नये हे मलाही आता पटतंय. पण एक तरी शेजारीण हाताशी असावी, हे माझं ऐक. सहाव्या घरात समोरच्या वहिनींना मी दीड वर्षाने सांगितलं. त्या म्हणाल्या, माझ्या धाकट्या दिरालाही आहे. दीड वर्ष आम्ही दोघी एकमेकींपासून तेच लपवत होतो.

निशिगंध, चार महिन्यांनी पुढची जागा बघताना कोणत्या भागात बघताय? वारज्याकडे माझ्या ओळखीच्या दोन-तीन जणी आहेत, 'सा'च्या, म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या पालक गटातल्या. त्यांच्या इमारतीत जागा रिकामी होतात, आणि तिथे औषधं ओट्यावर ठेवता येतात.

निशिगंध
वारजे चालेल मावशी, ऑफिसची बस तिथूनच जाते. भाऊ विचारतोय, तिथल्या गच्चीवर ऊन चांगलं येतं का.